छंदाचा रकाना

मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा लग्नासाठीचा बायोडाटा तयार करायचं काम माझ्याकडे आलं. नाव, उंची, शिक्षण, मामेकुळ, अपेक्षा, सगळं भराभर लिहून झालं. मग रकाना आला 'छंद'. भाचीनं मोबाइलमधून मान वर न करताच सांगितलं, "लिही मावशी, वाचन, संगीत, प्रवास."

मी म्हटलं, "अगं, शेवटचं पुस्तक कधी वाचलंस तू?"

"सगळ्याच असं लिहितात गं," ती हसून म्हणाली. आणि मग सहजच विचारलं, "तुझा काय छंद, मावशी?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चाळीस वर्षं झाली जळगावात संसार करतेय. दोन मुलांच्या शाळा, सासऱ्यांचं आजारपण, दर उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया नि बिबडे, आल्यागेल्याचं भरीत-भाकरी, हे सगळं केलं. मनापासून केलं. पण ते काम झालं. छंद कोणता? खरं सांगते, मैत्रिणींनो, उत्तर सापडेना. भाची तर उठून निघूनही गेली. माझ्या डोक्यात मात्र तो रकाना रिकामाच राहिला.

त्या रात्री का कुणास ठाऊक, धुळ्याचे पाळककाका आठवले.

माझं माहेर धुळ्याचं. धुळ्यातल्या गल्ल्यांना नावं कमी आणि नंबर जास्त, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. ते चर्चमध्ये पाळक होते, म्हणून आम्हा पोरांचे ते पाळककाका. गोष्ट १९७५ च्या आसपासची, मी तेव्हा बारा वर्षांची. पाळककाकांना घड्याळं दुरुस्त करायचा भारी नाद. गल्लीतल्या कुणाचंही गजराचं घड्याळ बंद पडलं, की ते जायचं काकांच्या टेबलावर. डोळ्याला भिंग लावून, जीभ दातात धरून ते तासन्‌तास बसायचे. पैसा एक घेत नसत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "गुलाबाला शेणखत आणून द्या टोपलीभर." कारण दुसरा नाद गुलाबांचा.

काका रोज रात्री एका लहानशा डायरीत दोन-तीन ओळी लिहीत. मला वाटायचं, त्यात देवाधर्माचं काही मोठं असेल. एकदा त्यांनीच वाचायला दिली. तर काय, 'आज शेजारच्या घड्याळाचा काटा बसवला. दुपारी वांग्याचं भरीत. संध्याकाळी पांझरेकाठी वारा छान होता.' बस्स, एवढंच. मी विचारलं, "काका, यात लिहिण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले, "अगं, दिवस गेला तो असा गेला. लिहिलं नाही तर मला वाटेल, काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही असं वाटलं, की माणूस कुरकुर करायला लागतो."

समाधानाची एवढी सोपी व्याख्या मी नंतर कुठल्या प्रवचनातही ऐकली नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काकांच्या घरी महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर डाळ उसनी आणायला कोण येई? काकू. चर्चचा पगार तुटपुंजा, त्यात काकांचा हात सढळ. काकू बालवाडी चालवायच्या, रात्री मशीनवर लोकांचे फ्रॉक शिवायच्या. माझी आई एकदा त्यांना म्हणाली, "तुमचे साहेब किती समाधानी आहेत हो!" काकू मशीन न थांबवताच म्हणाल्या, "असणारच. हिशोबाची वही माझ्याकडे आहे ना!"

दोघी खळखळून हसल्या. मला मात्र त्या वाक्याचा अर्थ कळायला लग्न व्हावं लागलं.

पाळककाकांचं दैवत म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून शाळेत आपण त्यांना वाचलेलं असतं. १८६१ साली कोकणात जन्मलेले टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे नगरला पाळक म्हणून, संपादक म्हणून राहिले. फुलं आणि मुलं हे त्यांच्या कवितेचे विषय होते तसेच घरातलेही. हाती पैसा आला की तो थांबायचा नाही. पुस्तकं, पाहुणे, कुणी अडलेला, कुणी निराधार पोर, सगळ्यांना त्यांच्या घरात जागा. स्वतःकडे काही उरलं नाही याचं त्यांना दुःख नसे. आयुष्याच्या शेवटी तर, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडून दिली.

आता सांगा, अशा माणसाच्या घरची चूल कशी पेटत असेल? ते आपल्याला टिळकांच्या कवितेतून कळत नाही. ते कळतं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी, अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न होऊन आली. लिहावाचायला शिकली ती लग्नानंतर. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा चार-पाच वर्षं ती त्याच्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिली. लहान मूल पदरात, लोकांची बोलणी कानात. नंतर ती परत नवऱ्याकडे आली आणि सोवळंओवळं पाळणाऱ्या या बाईनं स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळेला धर्माचा निर्णय घेतला. नवऱ्यानं केलं म्हणून लगेच केलं नाही, हे लक्षात घ्या.

आणि हे सगळं सांगताना रडगाणं कुठंच नाही. टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा राग, उधळा हात, सगळं ती असं सांगते की आपण हसून हसून बेजार होतो आणि मधेच डोळे पुसतो. नवऱ्यावर माया आहे, पण आंधळी नाही. मुलासाठी वडिलांच्या आठवणी लिहून काढता काढता तिनं स्वतःचीच गोष्ट लिहून ठेवली. १९३४ पासून ती पुस्तकरूपानं येऊ लागली आणि आज मराठीतलं पहिल्या रांगेतलं आत्मचरित्र म्हणून लोक तिचं नाव घेतात. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्यही तिनंच पुढे नेलं. तिच्या कवितासंग्रहाचं नाव आहे 'भरली घागर'. ज्या घरात पैशाचं भांडं कायम रिकामं, तिथल्या बाईनं पुस्तकाला हे नाव शोभून दिसेल असं आयुष्य काढलं!

म्हणून मला वाटतं, समाधान दोन प्रकारचं असतं. एक टिळकांचं, की काही नसलं तरी चालेल. दुसरं लक्ष्मीबाईंचं, की नाही ते ठाऊक आहे, आता आहे त्यात निभावू आणि निभावताना आपलंही काही करून ठेवू. आपल्या घराघरांतून पहिल्याचं कौतुक होतं. दुसऱ्याला आपण 'संसार' म्हणून सोडून देतो.

या टिळकांचं आपल्या खान्देशाशी नातं आहे, ते पाळककाका फार अभिमानानं सांगत. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. तिथं जमलेल्या कवींत रेव्हरंड टिळकही होते. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सतराएक वर्षांचा मुलगा तिथं उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांना थक्क केलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे या मुलाला टिळकांच्या घरानं आपलं म्हटलं. तो नगरला त्यांच्याकडे राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवला, रुसला, फुगला, परत आला. 'फुलराणी' आणि 'औदुंबर' लिहिणारा हा कवी उणंपुरं अठ्ठावीस वर्षंही जगला नाही. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनावर रेल्वेखाली सापडून तो गेला. भुसावळला जाताना गाडी भादलीवरून जाते तेव्हा माझा हात अजूनही आपोआप जोडला जातो. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला टिळकही गेले.

आता एक गंमत बघा. गंमत कसली, चुटपुटच म्हणा. १९०७ मध्ये जळगावात कवी जमले, तेव्हा त्याच गावात चौधऱ्यांच्या वाड्यात एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची सून नांदत होती. असोद्याचं माहेर, तेराव्या वर्षी लग्न, अक्षर ओळख नाही. तिचं नाव बहिणाबाई. संमेलनाचा तिला पत्ताही नसेल आणि संमेलनाला तिचा नव्हताच नव्हता! पुढे तिशीच्या आसपास वैधव्य आलं, प्लेगच्या साथीत थोरल्या मुलाला कायमचं अपंगत्व आलं, भाऊबंदकी झाली. ती शेतात राबत राहिली, जात्यावर, चुलीपुढं, निंदताना, खुरपताना गाणं रचत राहिली. धाकटे सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यातलं जमेल तेवढं कागदावर उतरवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीतभीत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, २०१८ पासून.

पण विचार करा, ती वही नसती तर? जे लिहून घेतलं ते वाचलं. जे लिहिलं गेलं नाही ते जळगावच्या वाऱ्यावर गेलं.

आमच्या धुळ्याचंही तसंच. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी समोर बसून भराभर उतरवून घेत. म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. याच साने गुरुजींनी, अमळनेरला शाळेत शिकवणाऱ्या या माणसानं, घरोघरच्या बायकांच्या ओव्याही गोळा केल्या आणि 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. लाखाच्या वर! आणि त्या म्हणणाऱ्या सगळ्या तुमच्याआमच्या आया, आज्या, मावश्या.

आता माझ्यावर येते. कारण खरी गोष्ट इथंच आहे आणि ती सांगायला जीभ जरा अडखळते.

माझी आई गायची. गिरणी गल्लीत आली होती, पण डाळ भरडायला, कळण्याची भाकरी करायची तर थोडं दळायला घरात जातं होतंच. पहाटे तिचा आवाज जात्याबरोबर घुमायचा. काही ओव्या सासरमाहेरच्या, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी आणि काही तिच्या स्वतःच्या. पाळककाका पहाटे उठून बागेला पाणी घालायचे तेव्हा त्यांच्या कानावर ते जायचं. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं, आणि दोनशे पानी, पुठ्ठ्याची नवी कोरी वही हातात दिली. म्हणाले, "तुझ्या आईचं गाणं यात उतरवून घे. रोज एक. घाई नको. आई थकली तरी तू थकू नकोस."

मी पहिल्या दिवशी दोन ओव्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी तीन. मग कंटाळा आला. आई एकदा म्हणायची तशी दुसऱ्यांदा म्हणायची नाही. मी चिडायचे, ती हसायची. शिवाय वर्गातल्या मैत्रिणीनं वही बघून विचारलं, "हे काय अडाण्यांचं लिहितेस?" मला लाज वाटली. मग त्या वहीत मी गणितं सोडवली. उरलेली पानं फाडून कव्हरं घातली. दोन पानं ओव्यांची होती, ती कुठं गेली मला ठाऊक नाही.

पाळककाकांनी पुढे कधी विचारलं नाही. त्यांची बदली झाली, ते गेले. आई २००९ मध्ये गेली. बाराव्या दिवशी सगळ्या बायका बसल्या असताना कुणीतरी म्हटलं, "तिची एखादी ओवी म्हणा गं." मी लेक. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एक ओळसुद्धा पुरी येईना.

ते तोंड मिटणं आणि परवा भाचीसमोरचं तोंड मिटणं, दोन्ही एकच होतं, हे मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांना म्हटलं, "दोन दिवस तुमचं तुम्ही बघा. फ्रिजमध्ये शेवभाजीचा मसाला वाटून ठेवलाय." आणि सुरत लाइनची पॅसेंजर पकडली. धरणगाव गेलं तेव्हा बालकवींना मनातल्या मनात नमस्कार केला. अमळनेरला उतरून रिक्षानं माझ्या धाकट्या मावशीचं खेडं गाठलं. आईची ही शेवटची बहीण. वय त्र्याऐंशी. पाठीचं धनुष्य झालंय, पण कान शाबूत.

"काय व माय, इतल्या उनमा कशी उनी तू?" तिनं विचारलं. मी पिशवीतून वही काढली. म्हटलं, "मावशी, आईच्या ओव्या सांग. लिहून घेते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "जातं नही शे, मंग गानं कोठून येई?"

खरंच येईना. बिचारीनं डोळे मिटून बघितलं, ओठ हलवले, एक शब्द यायचा आणि तुटायचा. मी निराश झाले. तेवढ्यात तिचं तिलाच काय वाटलं, सुनेला म्हणाली, "माले सूप दे." सूप आलं, त्यात तूरडाळ ओतली. मावशी पाखडायला लागली. हात एका लयीत वर-खाली व्हायला लागले आणि काय सांगू तुम्हाला, तिसऱ्या-चौथ्या फटक्याला आवाज आला! बारीक, चिरका, पण चाल तीच. आईची. हातांना आठवत होतं, डोक्याला नव्हतं.

मी एका हातानं लिहितेय, दुसऱ्या हातानं मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू आहे की नाही ते बघतेय. सुनबाई स्वयंपाक टाकून उंबऱ्यात येऊन बसली. तिची दहावीतली मुलगी आधी मोबाइलमध्ये होती, मग तीही सरकत सरकत जवळ आली. दोन दिवसांत अकरा ओव्या मिळाल्या. भावाच्या, सासऱ्याच्या, पंढरीच्या, पांझरेला आलेल्या पुराची एक.

अकरावी ओवी सांगताना मावशी थांबली. म्हणाली, ही तुझ्या आईनं तू पाळण्यात असताना केली. त्यात तुझं नाव आहे. माझ्या हातातलं पेन थरथरायला लागलं. मावशीनं पहिला चरण म्हटला, दुसरा म्हटला, माझं नाव आलं. तिसरा आठवेना. सूप हलवलं, पाणी प्याली, परत सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. शेवटी म्हणाली, "गया व माय तो. तुनी मायसंगे गया."

मी तिथं जागा मोकळी सोडली आहे. स्वतःचं काही जोडून ती ओवी पुरी करावी असा मोह झाला. पण नाही केली. ती ओळ बारा वर्षांच्या मुलीनं लिहून घ्यायची होती. तिनं नाही घेतली, हे त्या मोकळ्या जागेनं मला रोज सांगितलं पाहिजे.

पण गंमत अशी, की या अपुऱ्या ओवीनं मी दुःखी नाही. घरी आल्यापासून मी रोज रात्री पाळककाकांसारख्या दोन-तीन ओळी लिहिते. 'आज गवारीची भाजी. शेजारच्या आजींकडून आखाजीचं एक गाणं मिळालं. मेहरूण तलावावर फिरायला गेलो, यजमान चक्क दोन शब्द बोलले.' असलंच काहीबाही. पण दिवस गेला तो असा गेला, हे कळतं. कुरकुर थोडी कमी झाली आहे, असं यजमानांचं म्हणणं. हिशोबाची वही अजून माझ्याकडेच आहे, हे माझं म्हणणं!

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात, गल्लीत, माहेरी कुणी ऐंशीच्या पुढची बाई असेल. तिला 'गाणं म्हण' म्हणू नका, लाजेल. तिच्या हातात सूप द्या, लसूण सोलायला द्या, वाती वळायला द्या. आणि तुम्ही वही घेऊन गुपचूप शेजारी बसा. वही कोणतीही चालते. फक्त तिच्यात गणितं सोडवू नका.

भाचीचा बायोडाटा परवा पक्का झाला. छापायच्या आधी तिनं मला दाखवला. 'छंद'च्या रकान्यात वाचन, संगीत, प्रवास होतंच. त्यापुढे स्वल्पविराम देऊन तिनं आणखी तीन शब्द टाकले होते, 'मावशीच्या ओव्या लिहिणे'.

मी म्हटलं, "अगं, अजून एक तरी लिहिलीस का?"

म्हणाली, "आज रात्रीपासून. तू सूप घेऊन बस."